रस्त्यावरील वाहनांचा संवाद आणि विश्वासाची सामायिक वही

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. त्या वेळी समोरून किंवा मागून येणाऱ्या वाहनाशी बोलण्याची चालकाजवळची साधने म्हणजे भोंगा, दिवा आणि खिडकीतून बाहेर काढलेला हात एवढीच होती. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत रस्ते रुंद झाले, वाहनांचा वेग वाढला. परंतु एका वाहनाने दुसऱ्याला सांगावयाच्या गोष्टी अजूनही बहुतांशी याच साधनांवर अवलंबून आहेत. वळणापलीकडे काय आहे हे भोंगा सांगू शकत नाही आणि चढाच्या पलीकडे दिव्याचा प्रकाश पोहोचत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी वाहनांनी रेडिओ लहरींद्वारे परस्परांशी बोलावे ही कल्पना जगभर पुढे आली आणि तिच्या पाठोपाठ एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला : बोलणाऱ्याचा शब्द खरा कशावरून मानावा? या प्रश्नाच्या उत्तरासाठी ब्लॉकचेन नावाच्या नोंद-पद्धतीचा विचार सध्या होत आहे. तिचे स्वरूप व तिच्या मर्यादा शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण ही साधने उद्या रस्त्यावर आली तर त्यांच्याविषयीच्या तक्रारी आणि शंका प्रथम त्यांच्याकडेच येणार आहेत.

कड्याच्या रस्त्यावरील रात्र

आष्टी हा बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा तालुका. नगरशी, म्हणजे आताच्या अहिल्यानगरशी, त्याचे दळणवळण कडा गावावरून जाणाऱ्या रस्त्याने चालते. दसरा-दिवाळी आटोपली की या भागातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रक किंवा ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरे आणि वर ताडपत्री, असा हा संसार पुष्कळदा रात्रीच रस्त्याला लागतो. ट्रॉलीला मागचा दिवा असतोच असे नाही. रिफ्लेक्टर असला तरी तो धुळीने व चिखलाने माखलेला असतो.

अशी एखादी ट्रॉली चाक निखळल्यामुळे चढाच्या पलीकडे उभी राहिली आहे आणि मागून ताशी ८० किलोमीटर वेगाने मालट्रक येत आहे असे समजू. या वेगाने वाहन सेकंदाला २२ मीटर अंतर तोडते. समोरच्या वाहनासाठी दिवे खाली पाडले असतील तर चालकाला जेमतेम चाळीस-पन्नास मीटरपर्यंतचे दिसते, म्हणजे त्याच्या हाती दोन-सव्वादोन सेकंद उरतात. भरलेला ट्रक एवढ्या अवधीत थांबू शकत नाही. हीच सूचना ३०० मीटर अंतरावर असतानाच मिळाली, तर सुमारे साडेतेरा सेकंद मिळतात. दोन सेकंद आणि साडेतेरा सेकंद यांमधील या फरकासाठीच परस्परसंलग्न वाहनांचा सारा खटाटोप आहे.

अशा वाहनातील यंत्र आपले ठिकाण, वेग, दिशा आणि ब्रेक लावला आहे किंवा नाही एवढी माहिती असलेला लहानसा संदेश सर्वसाधारणपणे सेकंदाला दहा वेळा आसमंतात सोडते. आसपासची वाहने तो ऐकतात आणि धोका दिसल्यास चालकाला सावध करतात. हा संदेश कोणा एकाला उद्देशून नसतो. गावातील दवंडीप्रमाणे तो ज्याच्या कानी पडेल त्याच्यासाठी असतो, आणि दवंडीला जो धोका असतो तोच त्यालाही असतो.

खोटी दवंडी

२०२० साली जर्मनीतील सायमन वेकर्ट या कलावंताने एका लहान हातगाडीत ९९ वापरलेले मोबाइल फोन ठेवले आणि ती गाडी ओढीत तो बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यांवरून चालू लागला. सर्व फोनवर गुगलचा नकाशा सुरू होता. ९९ वाहने मुंगीच्या पावलाने सरकत आहेत असा त्या नकाशाचा समज झाला आणि मोकळा रस्ता त्यावर लाल रंगात, कोंडी झालेला असा दिसू लागला. एका माणसाने नव्व्याण्णव सोंगे घेतली आणि यंत्राने त्या सर्वांवर विश्वास ठेवला. बर्लिनमध्ये यात कोणाचे विशेष बिघडले नाही. परंतु महामार्गावर भरधाव वाहनांना ‘पुढे अडथळा आहे’ असा खोटा संदेश एकाच वेळी मिळाला, तर सर्वच चालक अचानक ब्रेक लावतील आणि त्यातूनच अपघात होतील.

दुसरा प्रकार याहून गंभीर. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस वॅलासेक या दोन अमेरिकन संशोधकांनी महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकी गाडीच्या यंत्रणेत दूरवरून प्रवेश मिळवून तिचे ट्रान्समिशन बंद पाडून दाखविले. चालवणारा पत्रकार होता व त्याला प्रयोगाची कल्पना होती, ही गोष्ट वेगळी. त्यानंतर कंपनीला अमेरिकेतील सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

स्वाक्षरी आणि तिची साक्ष

खोट्या संदेशावरचा पहिला उपाय म्हणजे प्रत्येक संदेशावर वाहनाची अंकीय स्वाक्षरी घेणे हा होय. वाहनाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. त्यांपैकी खाजगी किल्ली यंत्राच्या बंदिस्त कप्प्यात राहते व तिने संदेशावर स्वाक्षरी केली जाते. सार्वजनिक किल्ली सर्वांना ठाऊक असते व तिच्या साह्याने ती स्वाक्षरी कोणालाही पडताळून पाहता येते. संदेशातील एक अंक जरी वाटेत बदलला गेला, तरी पडताळणी फसते.

मात्र एवढ्याने भागत नाही. अनोळखी माणसाने आपली स्वाक्षरी स्वतःच दाखविली तर तिला किंमत नसते. ती ओळखणारा कोणी तरी लागतो. म्हणून वाहनाच्या सार्वजनिक किल्लीला एखाद्या अधिकारी संस्थेचे प्रमाणपत्र जोडले जाते. वाहन कोठे कोठे गेले याचा माग इतरांना काढता येऊ नये म्हणून ही प्रमाणपत्रे टोपणनावाची असतात व थोड्या थोड्या वेळाने बदलली जातात. तसेच ज्याचे यंत्र चोरीस गेले, बिघडले किंवा जे वाहन भंगारात निघाले, त्याची प्रमाणपत्रे रद्द झाल्याची यादीही ठेवावी लागते. येथपर्यंत ब्लॉकचेनचा संबंध येत नाही, आणि संदेशांच्या सुरक्षिततेचे पुष्कळसे काम एवढ्यानेच होते, हे मुद्दाम सांगावयास हवे. खरी अडचण पुढे आहे : ही प्रमाणपत्रे देणारा आणि रद्द करणारा कोण, व त्याची वही कोणाच्या ताब्यात?

रेल्वेला पडत नाही तो प्रश्न

रेल्वेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. अहमदनगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजी प्रवासी वाहतुकीस खुला झाला आणि आष्टीला प्रथमच रेल्वे दिसली. अहमदनगर-बीड-परळी वैजनाथ या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा तो एक भाग होय. या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, परळीला, वाहनांच्या सुरक्षित संवादाचे एक भारतीय उदाहरण आढळते. इंजिन आणि स्थानक यांना रेडिओवरून परस्परांशी बोलते करून, चालकाकडून लाल सिग्नल ओलांडला जाऊ लागताच गाडी आपोआप थांबविणारी ‘कवच’ ही प्रणाली दक्षिण मध्य रेल्वेने ज्या मार्गांवर आरंभी बसविली, त्यांत बीदर-परळी वैजनाथ-परभणी हा मार्ग आहे. लखनौच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेने तिचे मानक तयार केले असून तिची सुधारित चौथी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये मान्य झाली.

‘कवच’मधील संदेशही सांकेतिक किल्ल्यांनी प्रमाणित केलेले असतात. परंतु तेथे किल्ल्या कोणी द्यावयाच्या याविषयी वाद संभवत नाही. रूळ रेल्वेचे, इंजिन रेल्वेचे, चालक रेल्वेचा आणि वहीही रेल्वेचीच. ज्या घरात कर्ता एकच आहे तेथे हिशेबाच्या चार वह्या ठेवण्याचे प्रयोजन नसते.

रस्त्याचे तसे नाही. नगर-आष्टी रस्त्यावर एकाच वेळी राज्य परिवहनाची बस, तमिळनाडूत नोंदलेला मालट्रक, कर्नाटकातील कारखान्याचा ट्रॅक्टर, शाळेची गाडी आणि रुग्णवाहिका धावत असतात. त्यांचे निर्माते निराळे, नोंदणी कार्यालये निराळी आणि राज्येही निराळी. एखादे प्रमाणपत्र एका ठिकाणी रद्द झाले तर त्याची वार्ता दुसऱ्या ठिकाणी तत्काळ पोहोचली पाहिजे. ती सर्व नोंद एकाच कंपनीच्या हाती सोपविण्यास बाकीच्या कंपन्या राजी होत नाहीत. शिवाय एकाच ठिकाणची वही जळाली, बिघडली किंवा कोणी आतून बदलली तर सारेच कोलमडते. ब्लॉकचेनचे प्रयोजन नेमके येथे उत्पन्न होते.

फेरफारापासून साखळीपर्यंत

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेली, मागील नोंद गुपचूप बदलता न येणारी वही होय. ग्रामीण महाराष्ट्राला या कल्पनेचा अर्धा भाग फार पूर्वीपासून परिचित आहे. जमिनीचा हक्क बदलला की त्याची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, अनुक्रमांकाने होते. नोटीस चावडीवर लागते, हितसंबंधितांना कळविले जाते, हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सातबारावर येतो. जुना फेरफार कोणी खोडत नाही. चूक झाली असेल तर दुरुस्तीचा नवा फेरफार घालावा लागतो. नोंदींचा क्रम, जाहीर प्रसिद्धी, इतरांची संमती आणि खाडाखोडीस मनाई ही ब्लॉकचेनची चारही तत्त्वे येथे दिसतात. फरक एवढाच की फेरफाराची वही एका दप्तरात असते, आणि पानांमधील दुवा केवळ क्रमांकाचा असतो. क्रमांक तसाच ठेवून पान बदलणे अशक्य नसते. तसे घडल्याच्या कथा कोणत्याही तालुक्यात ऐकावयास मिळतात.

ब्लॉकचेनमध्ये हा दुवा ‘हॅश’ नावाच्या गणिती ठशाने साधला जातो. कोणताही मजकूर, मग तो एक ओळ असो की हजार पाने, या गणितातून गेला की त्याचा ठराविक लांबीचा ठसा मिळतो. प्रचलित एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. मजकुरातील एका स्वल्पविरामाची जागा बदलली तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो, आणि ठशावरून मूळ मजकूर शोधून काढता येत नाही. नोंदींचे एक पान भरले की त्याचा ठसा काढून तो पुढील पानाच्या आरंभी लिहिला जातो. पुढील पानाच्या ठशात अर्थातच मागील ठसाही मिसळतो. त्यामुळे शंभरावे पान बदलावयाचे तर एकशेएकापासून शेवटपर्यंतची सर्व पाने बदलावी लागतात, आणि तीही ज्यांच्या ज्यांच्याजवळ वहीची प्रत आहे त्या बहुतेकांच्या घरी.

ही कल्पना बिटकॉइन या आभासी चलनापूर्वीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ साली दस्तऐवजांच्या तारखेची खातरजमा करण्यासाठी ठशांची अशी साखळी सुचविली. १९९५ पासून तिचा साप्ताहिक ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जाहिरातींत छापला जाऊ लागला, कारण घरोघर गेलेल्या वृत्तपत्राच्या सर्व प्रती परत गोळा करून बदलणे कोणालाही शक्य नव्हते. शासकीय राजपत्राचे बळ ज्यात आहे तीच ही युक्ती. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधाने तिचा उपयोग चलनासाठी केला आणि तेव्हापासून तिचा बोलबाला झाला. चलनाच्या चढउतारांमुळे पुष्कळांच्या मनात ब्लॉकचेन म्हणजे सट्टा असे समीकरण बसले आहे. ते खरे नव्हे. वही आणि वहीत लिहिलेला व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चार वह्या, एक लबाड

वही अनेकांकडे असली की त्यांच्यात मतभेद झाल्यास कोणाचे खरे मानावे, हे ठरवावे लागते. लेस्ली लॅम्पोर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली या प्रश्नाचे गणित मांडले. त्यातून निघालेला नियम सोपा आहे : एक वही-रक्षक लबाड निघाला तरी व्यवहार बिघडू नये असे वाटत असेल, तर एकूण चार रक्षक हवेत, दोन लबाडांना पुरून उरावयाचे तर सात हवेत. समजा, एका विभागातील वाहन-प्रमाणपत्रांची सामायिक वही प्रादेशिक परिवहन कार्यालय, राज्य परिवहन, महामार्ग पोलीस आणि वाहननिर्मात्यांची संघटना या चौघांकडे आहे. चोरीस गेलेल्या एका यंत्राचे प्रमाणपत्र अजून वैध आहे असे त्यांपैकी एकाने हितसंबंधापोटी दाखविले, तरी उरलेल्या तिघांच्या एकमतापुढे त्याचे चालत नाही. वहीत लिहिण्याचा अधिकार फक्त ओळखीच्या संस्थांनाच असतो. त्यामुळे बिटकॉइनप्रमाणे प्रचंड वीज खर्चून कोडी सोडविण्याची गरज येथे पडत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीतही वहीचा उपयोग सुचविला गेला आहे. नव्या वाहनांच्या यंत्रणेत कंपनी दूरवरून सुधारणा पाठविते. आलेली सुधारणा कंपनीचीच आहे की कोणा उपद्रव्याची, हे तिचा ठसा सामायिक वहीतील ठशाशी ताडून वाहनाला स्वतःच ठरविता येते. वाहननिर्मात्यांनी या दिशेने एकत्र येण्याचा प्रयत्नही केला आहे. बीएमडब्ल्यू, फोर्ड, जनरल मोटर्स, रेनॉ आदी कंपन्यांनी २०१८ साली ‘मोबी’ या नावाची संस्था स्थापन केली व तिने वाहनाच्या अंकीय ओळखीचे मानक तयार केले.

जे या वहीकडून होणार नाही

वाहनाने सोडलेला प्रत्येक संदेश ब्लॉकचेनमध्ये लिहावा अशी भाषा काही वेळा ऐकू येते. ती व्यवहार्य नाही. बिटकॉइनच्या साखळीत नवे पान सरासरी दहा मिनिटांनी जोडले जाते. तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन तेरा किलोमीटरांहून अधिक अंतर जाते. आष्टीहून निघालेल्या गाडीला जो इशारा हवा होता तो ती कड्याच्या वाटेवर दूरवर गेल्यानंतर मिळेल. निवडक संस्थांच्या वह्या याहून पुष्कळ वेगवान असतात, तरी सेकंदाला दहा याप्रमाणे हजारो वाहनांचे संदेश त्यांत कोंबण्यात अर्थ नाही. इशारा थेट वाहनाकडून वाहनाला जावा आणि त्यावरील स्वाक्षरी ग्राह्य की बाद एवढेच सामायिक वहीवरून ठरावे, अशी कामाची विभागणी करणे योग्य होय. वहीचा ताजा सारांश वाहनाच्या यंत्रात आधीच साठविलेला असला म्हणजे मोबाइलचे जाळे न पोहोचणाऱ्या घाटातही पडताळणी होऊ शकते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. वहीत लिहिलेले बदलत नाही याचा अर्थ ते खरे असते असा नव्हे. उपग्रहाकडून ठिकाण घेणारे यंत्रच फसविले गेले, तर वाहन प्रामाणिकपणे स्वाक्षरी करून चुकीचे ठिकाण कळवील आणि वही ते इमानाने जपून ठेवील. शिवाय न पुसली जाणारी वही ही नागरिकांच्या खाजगी जीवनाच्या दृष्टीने धोक्याची वस्तू आहे. कोण कोणत्या रात्री कोठे गेला होता याची कायमची नोंद कोणालाही नको असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचा रोखही त्याच दिशेने आहे. म्हणून अशा वहीत माहिती न लिहिता केवळ तिचा ठसा लिहावा असा जाणकारांचा आग्रह असतो.

तिसरी गोष्ट अगदी साधी. ज्या ट्रॉलीला मागचा दिवा नाही तिला रेडिओ यंत्र कोण बसविणार? संलग्न वाहनांचा लाभ दोन्ही वाहनांत यंत्र असेल तेव्हाच मिळतो. तोवर ट्रॉलीच्या मागे लावलेली लाल परावर्तक पट्टीच या रस्त्यावर अधिक जीव वाचवील, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रातील पूर्वतयारी

आष्टीच्या रस्त्यावरील वाहनांत ब्लॉकचेनवर आधारलेली संवाद-व्यवस्था आज नाही. तिच्या पायऱ्या मात्र तयार होत आहेत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक सेवा वाहनांना, तीनचाकी व तत्सम वाहने वगळता, ठिकाण कळविणारे यंत्र आणि संकटसमयी दाबावयाची कळ बसविण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत करण्यात आली. एआयएस-१४० या नावाने ओळखले जाणारे त्याचे मानक ज्या समितीने तयार केले, तिचे सचिवालय १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे आहे. सामायिक वहीचा अनुभवही राज्याला अगदीच नवा नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली सुमारे ६५ हजार जात-प्रमाणपत्रांचे ठसे ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. केंद्र शासनाने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ या नावाने ब्लॉकचेनची राष्ट्रीय सुविधा सुरू केली. तिची केंद्रे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या भुवनेश्वर, पुणे व हैदराबाद येथील माहिती-भांडारांत आहेत.

अपघातानंतरची नोंद

या साऱ्याचा ऊसतोड कुटुंबाशी सर्वांत निकटचा संबंध कदाचित अपघात टाळण्यापेक्षाही अपघातानंतर येईल. ट्रॉलीला मागून धडक बसली, घरातील कर्ता माणूस गेला आणि प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभे राहिले की वेग किती होता, ब्रेक केव्हा लावला, यंत्र चालू होते की बंद, हे प्रश्न निघतात. त्यांची उत्तरे वाहनातील यंत्राने पाठविलेल्या नोंदीत असतात आणि ती नोंद बहुधा वाहनमालकाच्या किंवा त्याला सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या संगणकावर असते. ज्याच्याविरुद्ध दावा, त्याच्याच हाती पुरावा, अशी ही स्थिती आहे. नोंद बदलली गेली असल्यास विधवेला ते सिद्ध करता येणे जवळजवळ अशक्य.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राचा नमुना ठरवून दिला आहे आणि त्या नमुन्यात नोंदीचा हॅश, तसेच तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहावे लागते. मात्र हा ठसा पुरावा सादर करताना काढलेला असतो. अपघात आणि सादरीकरण यांच्या दरम्यान काय घडले ते त्यावरून समजत नाही. यंत्राकडून आलेल्या नोंदींचा ठसा दर काही मिनिटांनी आपोआप सामायिक वहीत, म्हणजे मालकाखेरीज इतर तिघांच्या ताब्यातही, जाऊ लागला तर अपघाताच्या रात्री असलेली नोंद आणि न्यायाधिकरणापुढे आलेली नोंद एकच आहे की नाही, हे दोन ठसे शेजारी ठेवून कोणत्याही कारकुनाला पाहता येईल. त्यासाठी वाहनांनी एकमेकांशी बोलू लागण्याची वाट पाहावी लागत नाही. ठिकाण कळविणारी यंत्रे अनेक वाहनांत आधीच बसलेली आहेत.